थंडीत मधपेट्यांवर गोधडी टाकायची का? रोज सकाळी पेटीपुढे मेलेल्या माश्या सापडतायत

अनेरकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. घरामागे परसात शेवग्याखाली मेलिफेराच्या (परदेशी जातीच्या मधमाशीच्या) ३ पेट्या आहेत, गेल्या मार्चमध्ये ट्रेनिंग करून आणल्या, म्हणजे त्यांचा इथला पहिलाच हिवाळा आणि मधमाशीवाली म्हणून माझाही. ट्रेनिंगमध्ये उन्हाळ्यात सावली करा, पावसाळ्यात पाक द्या हे सगळं सांगितलं पण थंडीचं कोणी काही बोललंच नाही, बहुतेक त्यांना वाटलं असेल खान्देशात कसली थंडी, ४५ डिग्रीचा मुलूख!

तर आठ दिवस झाले पहाटे ६-७ डिग्री चाललंय, वर तोरणमाळला, डाबला दव गोठून गवतावर पांढरं पडतंय असे फोटो फिरतायत. माझ्या पेट्यांपुढे रोज सकाळी मेलेल्या माश्या. पहिल्या आणि तिसऱ्या पेटीपुढे पंधरा-वीस, पण मधल्या पेटीपुढे मंगळवारपासून ओंजळभर. सासूबाई म्हणाल्या आपल्याला दोन दोन गोधड्या लागतात मग त्या जिवांना नको का, आणि त्यांनी स्वतःची जुनी गोधडी काढून दिली, मी ती तिन्ही पेट्यांवर आडवी टाकून वर मेणकापड घट्ट बांधलं, फक्त दारं उघडी ठेवली. दोन दिवसांनी दुपारी झाकण उघडून बघितलं तर आतून घाम फुटल्यासारखे थेंब लटकलेले आणि कडेची फ्रेम (पोळ्याची लाकडी चौकट) ओली गार.

आता प्रश्न: गोधडी ठेवू की काढू? रात्री पेट्या ओसरीवर आणून ठेवल्या तर चालतील का? आणि ह्या माश्या थंडीनेच मरतायत ना? माझी मामेबहीण कॅनडात खेड्यात राहते, तिच्याकडेही परसात पेट्या आहेत, तिने व्हिडिओ पाठवला त्यात पेट्या झाकणापर्यंत बर्फात गाडलेल्या आणि ती म्हणते आत सगळ्या जिवंत आहेत! मग माझ्याच काय एवढ्या नाजूक? तिलाही इथं यायला सांगितलंय.

साक्रीचा सागर

ताई सोपं आहे, कोंबडीच्या पिल्लांना लावतो तसा ४० चा पिवळा बल्ब पेटीत सोडा रात्रभर. आमच्याकडे एक पिल्लू मरत नाही.

केळीवाला रावेर

सागर भाऊ तुम्ही काय सांगून राहिले! माशी उजेडाकडे येते, रात्रभर बल्बवर आपटून आपटून सकाळी तळाला भाजलेल्या माश्यांचा थर सापडेल. पिल्लू एकटं असतं त्याला ऊब बाहेरून द्यावी लागते, माशी स्वतःची ऊब स्वतः करते.

धुराचंही सांगतो कारण ती चूक मी स्वतः केली आहे. आमच्याकडे थंडी पडली की केळीला मार बसतो, पारा १६ च्या खाली गेला की वाढ थांबते, घड नीट निसवत नाही, म्हणून पहाटे पाणी सोडतो आणि बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो, सगळा गाव करतो. माझ्या २ पेट्या बांधालाच होत्या. मला वाटलं चला केळीबरोबर माश्यांनाही शेक मिळेल. उलटं झालं. धूर आला की माशीला वाटतं आग लागली, घर सोडायची वेळ आली, मग ती पोटभर मध पिऊन घेते. स्मोकरचा (धुराच्या डब्याचा) दोनदा भपका दिला तर ठीक पण रोज रात्री चार तास धूर म्हणजे रोज रात्री तिची पळापळ आणि कोठारातला मध कमी. जानेवारी संपेपर्यंत पेट्या हलक्या फुल्ल. आता पेट्या घराकडे आणल्या. केळीचं काही अडलं नाही, आपल्या केळीला फळ धरायला माशी लागतच नाही, पण माश्यांचं अडलं, सकाळी केळफुलाच्या पाकळीखालचा चिकट रस प्यायला काय गर्दी करायच्या.

बर्फातली बहीण

हिनेच ओढून आणलंय म्हणून लिहितेय. मी मूळची चोपड्याची, आता ओटावापासून दीड तासावर एका खेड्यात. ४ पेट्या घरामागे. टाइप करताना खिडकीतून दिसतायत, म्हणजे दिसतायत असं म्हणायचं, चार पांढरे उंचवटे आहेत नुसते. आज उणे २२.

पहिल्या वर्षी मीही हेच विचारत फिरत होते. इथल्या माश्या काय करतात ते सांगते. बाहेर साधारण १४ डिग्रीच्या खाली गेलं की त्या पोळ्यावर एकमेकींना चिकटून गोळा करतात, राणी मध्ये. बाहेरच्या थरातल्या माश्या डोकं आत करून दाटीवाटीने बसतात, आतल्या माश्या पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात, त्याने ऊब होते. त्या अख्खी पेटी गरम करत नाहीत, फक्त तो गोळा गरम ठेवतात, पेटीचे कोपरे बाहेरच्याइतकेच गार असतात. आणि ह्या थरथरण्याला जळण लागतं ते म्हणजे मध. इथे एका पेटीला हिवाळ्यासाठी ३०-४० किलो मध ठेवून द्यावा लागतो, तो आपण काढायचाच नाही. पहिल्या वर्षी मी हावरटपणा केला आणि मार्चमध्ये एक पेटी गेली. जानेवारीच्या उणे ३० मध्ये नाही गेली, मार्चमध्ये गेली, ऊन पडायला लागल्यावर! उघडलं तर माश्या पोळ्याच्या घरात डोकी खुपसून मेलेल्या, शेवटचा थेंब चाटताना. मी त्या दिवशी जेवले नाही.

बर्फाचं म्हणशील तर भुसभुशीत बर्फात हवा असते, तो गोधडीसारखंच काम करतो, वारा लागू देत नाही. मी फक्त दार मोकळं करते आणि वरच्या बाजूला एक छोटं भोक आहे ते बुजत नाही ना बघते. ते भोक का, तर माश्या मध खातात, श्वास सोडतात, त्याची वाफ वर जाते आणि गार झाकणाला लागून पाणी होतं. ते पाणी गोळ्यावर टपकलं की खेळ खलास. कोरडी माशी उणे २० काढते, ओली माशी नाही काढत. म्हणून मी झाकणाखाली लाकडाच्या भुशाने भरलेली उथळ पेटी ठेवते, ती सगळी ओल पिऊन घेते. तुझ्या झाकणाला घाम फुटला ना, तो तुझ्या मेणकापडाचा प्रताप आहे! गोधडीला दोष नाही, सासूबाईंना सांग.

आणि मेलेल्या माश्या. पहिल्या हिवाळ्यात एकदा ऊन पडलं, ७-८ डिग्री झालं, मी बाहेर गेले तर पेटीपुढे पांढऱ्या बर्फावर काळे ठिपके आणि पिवळे शिंतोडे. मी रडायलाच लागले. शेजारचा म्हातारा आला, तो चाळीस वर्षं माश्या पाळतो, म्हणाला अगं हे तर चांगलं लक्षण, आत कोणीतरी जिवंत आहे म्हणून मढी बाहेर काढतायत. आणि पिवळे शिंतोडे म्हणजे त्यांची शी! माशी घरात घाण करत नाही, महिना महिना पोटात धरून ठेवते आणि उबदार दिवस मिळाला की बाहेर येऊन मोकळी होते. तेव्हापासून धुतलेली चादर अशा दिवशी बाहेर वाळत घालत नाही.

उघडून बघायचा मोह मात्र होतोच. मी कान लावते. पेटीला कान टेकवून बोटाच्या पेराने एकदा टक् करायचं. आतून एकदम भुर्रर्र उठतं आणि हळूहळू विरतं. तेवढंच पुरे.

अनेरकाठची

ताई वाचून अंगावर काटा आला. मेणकापड आत्ताच काढून आले. पण तुमच्याकडचं सगळं इथे लागू होईल का? आमच्याकडे पहाटे ६ आणि दुपारी २ वाजता २७-२८, माश्या दहानंतर मस्त उडतात, शेवग्यावर असतात, पराग घेऊन येतात. गोळा करून बसल्यात असं दुपारी तरी दिसत नाही.

पांझरेचा जिभाऊ

बेटा आत्ता मुद्द्यावर आली. मी साक्री भागात तीस-पस्तीस वर्षं माश्यांत आहे, आधी सातपुड्यातल्या सातेरी म्हणजे देशी माश्या, मग मेलिफेरा. आमना आजा सांगे, माशीले थंडी मारत नही, भूक मारस. कॅनडावाल्या ताईंनी तेच सांगितलं, फक्त बर्फ घालून.

पण आपली थंडी वेगळी. त्यांच्याकडे राणी हिवाळ्यात अंडी घालणं बंद करते, माश्या एकदा बसल्या की बसल्या, आणि हिवाळ्यातली माशी चार-सहा महिने जगते. आपल्याकडे राणी थांबत नाही, दुपारी ऊन, तूर फुलात, मका आहे, बांधावर मोहरी-धने आहे, पराग येतोय म्हटल्यावर ती अंडी घालते. आता अळ्या-कोषांना ३४-३५ डिग्री लागते, रात्री सुद्धा. दुपारी माश्या दहा फ्रेमवर पसरतात, राणी कडेपर्यंत अंडी घालून ठेवते, आणि रात्री गारठा पडला की माश्या आकसून पाच फ्रेमवर येतात. कडेची पोरं उघडी पडतात. सकाळी दारात पांढऱ्या अळ्या ओढून टाकलेल्या दिसल्या तर समजायचं की थंडीने पोरं गेली. मोठ्या माश्यांना ६ डिग्री काहीच नाही.

म्हणून आपला उपाय गोधडी नाही, घर लहान करणं. दुपारी १२ ते २ च्या उन्हात पेटी उघड, झटपट. ज्या फ्रेमवर माश्या नाहीत त्या काढून घे, मेणकिडा लागणार नाही अशा बंद जागी ठेव, जितक्या फ्रेम माश्यांनी झाकल्यात तेवढ्याच ठेवून बाजूला डमी बोर्ड लाव, म्हणजे रिकामी जागा बंद करणारी फळी. दार दोन बोटांएवढं कर. पेटी मागून किंचित उंच ठेव म्हणजे पाणी झालं तरी दारातून बाहेर जाईल. उत्तरेकडून पऱ्हाट्यांचा आडोसा कर, कमरेइतका बास, आणि दार पूर्वेला असू दे, सकाळचं ऊन दारात पडलं पाहिजे. शेवग्याची सावली सकाळी पेटीवर येते का ते बघ, येत असेल तर दोन फांद्या छाट, शेवगा काही रुसत नाही. गोधडी टाकायचीच हौस असेल तर आतल्या पाटावर, झाकणाच्या आत, गोणपाटाची घडी घाल. गोणपाट ओल पितं.

ओसरीवर आणायचं मात्र डोक्यातून काढ. माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. सकाळी ओसरीवरून उडेल आणि संध्याकाळी शेवग्याखाली रिकाम्या जागेवर येऊन बसेल, रात्री तिथेच गारठून मरेल. सरकवायची तर रोज फूट-दीड फूट, नाहीतर एकदम तीन-चार किलोमीटर लांब.

आता खरी गोष्ट. पंधरा-वीस माश्या रोज मेल्या तर मी बघायला पण उठणार नाही. पेटीत वीस हजार माश्या आणि आपल्याकडची कामकरी जगते पाच-सहा आठवडे, हिशोब कर, रोज काहीशे मरायलाच पाहिजेत, बहुतेक शेतातच मरतात. पण मधली पेटी! तिन्ही पेट्या एकाच शेवग्याखाली, थंडी तिघींना सारखी, मग ओंजळभर एकाच पेटीपुढे का आणि मंगळवारपासूनच का? थंडी काय वार बघून येते का? मेलेल्या माश्या तळहातावर घे, उलट्या करून बघ आणि सांग: सोंड बाहेर आलेली आहे का (औषधाने मेलेल्या माशीची येते), पायाला परागाच्या गोळ्या तशाच आहेत का, आणि आजूबाजूला काय फवारलंय.

साक्रीचा सागर

बल्बवाली कमेंट डिलीट करायचा ऑप्शन कुठे आहे 🙏 जिभाऊ तुमच्या गावचाच आहे मी, वडिलांना सांगू नका.

अनेरकाठची

जिभाऊ, काल सकाळी उचलून बघितल्या. दोन्ही पेट्यांपुढच्या वीस-वीस माश्या कागदावर मांडल्या. पहिल्या पेटीपुढच्या साध्या, पाय पोटाशी घेतलेल्या, पंखांच्या कडा झिजलेल्या, म्हातारपणी मेलेल्या असाव्यात. मधल्या पेटीपुढच्या वीसपैकी सोळांची सोंड बाहेर, लालसर केसासारखी, बारीक. सात जणींच्या मागच्या पायांना पिवळ्या गोळ्या तशाच. दोन तर जिवंत होत्या, पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या, ते बघवलं नाही.

आणि मंगळवारी सकाळी दहा-अकराच्या सुमारास आमच्याच चुलत सासऱ्यांनी मागच्या तुरीवर अळीसाठी फवारा मारला. उशिराची तूर, अजून अर्धी फुलात आहे. म्हणजे बरोबर माश्या जायच्या वेळेला. मी आठ दिवस थंडीला शिव्या देत होते!

एक विचारायचंय, एकाच पेटीचं नुकसान कसं काय? तूर तर तिघींच्या समोर आहे.

पांझरेचा जिभाऊ

होतं असं. प्रत्येक पेटीच्या शोधणाऱ्या माश्या वेगळ्या, एक पेटी तुरीवर लागलेली असते, शेजारची मोहरीवर. ज्या पेटीने आत नाच करून सगळ्यांना तुरीचा पत्ता सांगितला तिचं नशीब फुटलं. तुझ्या पहिल्या-तिसऱ्या पेटीतल्या परागाचा रंग बघ, वेगळा निघेल.

आता भांडायला जाऊ नको. अळीने शेंगा खाल्ल्या तर तो माणूस काय करेल. फक्त वेळ बदलून घे. सूर्य मावळल्यावर, माश्या घरी परतल्यावर मारायचं. पहाटे मारायला सांगू नको, दव असतं, औषध वाळत नाही आणि नऊला माश्या येऊन बसतात. पावडरवालं औषध तर नकोच म्हणावं, ती पावडर माशी परागाबरोबर गोळा करून घरात नेते, पोरांना भरवते. आदल्या दिवशी निरोप द्यायला सांग, म्हणजे संध्याकाळी सगळ्या परतल्यावर दाराला जाळी लावायची आणि सकाळचा वेळ बंद ठेवायच्या, वर ओलं गोणपाट. दुपारपर्यंत बंद ठेवू नको, गुदमरतील.

मधल्या पेटीतल्या बाहेर जाणाऱ्या माश्या गेल्या म्हणजे आता आतल्या पोरीबाळींना पोसायला कोणी नाही. तिला पाक दे. साखर-पाणी समसमान, कोमट, संध्याकाळी, पेटीच्या आत, वाटीभरच, सकाळपर्यंत संपेल एवढा. वर काड्या टाक म्हणजे बुडणार नाहीत. बाहेर सांडू नको नाहीतर शेजारच्या पेट्या लुटायला येतील.

केळीवाला रावेर

पाक द्यायच्या आधी पेटी मागून एका हाताने उचलून बघा ताई. भरलेली एक फ्रेम दोन-अडीच किलो असते, दोन-तीन भरलेल्या असल्या तर हाताला लगेच कळतं. रिकामी पेटी अशी झटकन वर येते की पोटात गोळाच येतो.

बर्फातली बहीण

जिभाऊ एक शंका, इथे आम्ही थंडीत पाक अजिबात देत नाही, पाण्यामुळे ओल वाढते आणि त्यांना पोट मोकळं करायला बाहेर जाता येत नाही. आम्ही वर्तमानपत्राचा कागद फ्रेमवर ठेवून त्यावर कोरडी साखर ओततो, किंचित पाणी शिंपडून. ती आतल्या वाफेवर ओली होते आणि त्या खातात. तिलाही तसंच बरं नाही का?

पांझरेचा जिभाऊ

तुमच्याकडे बरोबर, ताई. पण इथे दुपारी २८ आहे, पाणी उडून जातं, माशी मोकळी पण होऊन येते. कोरड्या साखरेला माशीला बाहेरून पाणी आणावं लागेल आणि हिच्या पेटीत पाणी आणणाऱ्याच मेल्या. तोरणमाळ-डाबकडे पेट्या असत्या तर मी पण तुमचंच ऐकलं असतं.

अनेरकाठची

बारा दिवसांनी लिहितेय, सॉरी, कांद्याची लागण चालू होती.

मधल्या पेटीत आता पाचच फ्रेम, डमी बोर्ड लावलाय, परवापासून पुन्हा पराग यायला लागला. पहिली उचलायला जड लागते, तिला काही देत नाही. तिसऱ्या पेटीच्या दारात मात्र चार-पाच पांढऱ्या अळ्या दिसल्या होत्या, मग तिच्याही दोन रिकाम्या फ्रेम काढल्या, त्यानंतर दिसल्या नाहीत. आणि जिभाऊ, पहिल्या पेटीचा पराग केशरी आणि मधल्या पेटीचा फिकट पिवळा. तुम्ही न बघता कसं काय सांगता!

सासऱ्यांशी मी नाही बोलले, सासूबाई गेल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण दुसरी फवारणी त्यांनी दिवस मावळल्यावर केली, आदल्या दिवशी पोराला निरोप घेऊन पाठवलं. वर एक बाटली मध मागितलाय, तो द्यावा लागणार असं दिसतंय.

रात्री झोपायच्या आधी कान लावून टक् करते आता. काल सासूबाईंनी पण लावला, बराच वेळ काढेनात, मला म्हणाल्या, जात्यावर दळण चालू असल्यासारखं वाटतंय. त्यांची गोधडी धुवून वाळत घातली होती, तिचा मेणाचा वास काही जात नाही, म्हणतात राहू दे आता, तशीच घेते.

साक्रीचा सागर

ताई पेटी कुठून आणली ते सांगा ना. वडील म्हणतात कोंबड्या विकून टाक.